पाण्यातील डीएनए आणि समुद्राची नोंदवही

कोणत्याही संरक्षित क्षेत्राचे यशापयश अखेरीस एकाच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते : संरक्षण सुरू झाले तेव्हा तेथे कोणते जीव होते आणि आज कोणते आहेत. जंगलाच्या बाबतीत हे उत्तर मिळवणे कष्टाचे असले तरी अशक्य नसते. पाणवठ्यावरील गणना, पाऊलखुणा, विष्ठा, झाडाला बांधलेले कॅमेरे अशा अनेक मार्गांनी वनविभाग आणि अभ्यासक ते मिळवत आलेले आहेत. समुद्राच्या बाबतीत मात्र पृष्ठभागाखाली चार हातांवर काय चालले आहे हेही काठावरून दिसत नाही, आणि पश्चिम किनाऱ्यावरील गढूळ पाण्यात तर पाणबुड्यालाही ते फारसे दिसत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा खडकाळ, प्रवाळयुक्त समुद्र त्यात येतो; परंतु त्या वर्षी तेथील पाण्यात कोणकोणत्या जातींचे मासे, शिंपले, खेकडे आणि कृमी होते याची संपूर्ण यादी हाती असती, तर आज त्या क्षेत्राविषयी करता आली असती तितकी नेमकी विधाने आता करता येत नाहीत.

ही उणीव भरून काढण्याचे एक नवे साधन गेल्या दीड-दोन दशकांत विज्ञानाच्या हाती आले आहे आणि त्याला पर्यावरणीय डीएनए, म्हणजे परिसरातील पाण्यात, मातीत किंवा हवेत सजीवांनी मागे सोडलेला डीएनए, असे म्हणतात. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की हे साधन समुद्राच्या संरक्षणासाठी अत्यंत मोलाचे आहे. मात्र त्याचे मोल यंत्राच्या नवलाईत नसून तीन जुन्या, कष्टाच्या गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या म्हणजे नोंदीतील सातत्य, चुका ओळखण्याची शिस्त आणि जातींची अचूक ओळख पटवणारा संदर्भसंग्रह.

जुन्या पद्धतींचे बळ आणि मर्यादा

समुद्रातील जीवांची माहिती आजवर मुख्यतः मासेमारीतून मिळत आली आहे. कोची येथे मुख्यालय असलेली केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्था देशभरच्या बंदरांवर उतरणाऱ्या मासळीची पद्धतशीर नोंद ठेवते आणि या नोंदी नसत्या तर भारताच्या मत्स्यसंपत्तीविषयी कोणतेही धोरण आखणे शक्य झाले नसते. तथापि बंदरावर उतरते ती केवळ जाळ्यात सापडलेली आणि विकण्याजोगी मासळी. खडपातल्या फटीत राहणारे बोटभर मासे, ज्यांना बाजारात भाव नाही अशा जाती आणि ज्या ठिकाणी जाळे टाकताच येत नाही तेथील जीव या नोंदीत येत नाहीत. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या पावसाळी बंदीच्या काळात, म्हणजे अनेक जातींच्या प्रजननाच्या ऐन दिवसांत, यांत्रिक नौकांची ही नोंद जवळजवळ थांबते.

दुसरी पद्धत संशोधन-नौकेतून ट्रॉल, म्हणजे तळावरून ओढायचे जाळे, ओढून नमुने घेण्याची असून तिच्यात तळ खरवडला जातो आणि जीव मारले जातात, त्यामुळे दुर्मीळ जातींच्या शोधासाठी किंवा अभयारण्याच्या आत ती वापरणे हेतूलाच बाधक ठरते. तिसरी पद्धत पाणबुड्यांनी ठरावीक पट्ट्यात पोहत मासे मोजण्याची आणि चौथी आमिष लावून पाण्याखाली कॅमेरा ठेवण्याची आहे. या दोन्ही पद्धती स्वच्छ पाण्यात उत्तम चालतात, परंतु बुजरे, निशाचर आणि गाळात लपणारे प्राणी त्यांच्या नजरेतून सुटतात. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रात पाण्याखाली असलेल्या आणि कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँक या प्रवाळयुक्त पठाराचा विचार केला तर अडचण आणखी स्पष्ट होते, कारण त्याचा सर्वांत उथळ माथाही पाण्याखाली सुमारे 20 मीटर खोल आहे आणि तेथे पाणबुडे पाठवणे हवामानावर, खर्चावर आणि मोठ्या तयारीवर अवलंबून असते.

तत्त्व आणि त्याचा इतिहास

प्रत्येक सजीव आपल्या परिसरात स्वतःचे अंश सतत सोडत असतो. माशाच्या अंगावरची बुळबुळीत श्लेष्मा, झडलेल्या त्वचेच्या पेशी, खवले, विष्ठा, अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात मिसळतात आणि या प्रत्येकात त्या जातीचा डीएनए, म्हणजे आनुवंशिक माहिती साठवणारा लांब रेणू, असतो. हा रेणू चार प्रकारच्या रासायनिक घटकांच्या क्रमाने बनलेला असतो. त्या घटकांना सोयीसाठी अक्षरे म्हटले, तर डीएनएच्या काही तुकड्यांतील अक्षरांचा क्रम जातीजातींत इतका वेगळा असतो की तेवढ्या तुकड्यावरून जात ओळखता येते. 2003 साली कॅनडातील पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांच्या तंतुकणिकेतील, म्हणजे पेशीतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या अंगकातील, एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा अशा ओळखीसाठी सुचवला आणि त्यातून डीएनए बारकोडिंग ही संकल्पना रूढ झाली.

2008 साली फ्रान्समधील संशोधकांनी तळ्यांतील पाण्याच्या लहान नमुन्यांतून अमेरिकी बुलफ्रॉग या उपऱ्या बेडकाचा डीएनए शोधून दाखवला आणि प्राणी न पाहता, न पकडता केवळ पाण्यावरून त्याचे अस्तित्व सिद्ध करता येते हे प्रस्थापित केले. तळ्यातले पाणी साचलेले असते. अथांग, खारट आणि सतत हलणाऱ्या समुद्रात हे साधेल का, ही शंका रास्त होती. 2012 साली डेन्मार्कच्या संशोधकांनी हेल्सिंगोरजवळच्या सामुद्रधुनीतील अर्ध्या-अर्ध्या लिटरचे मोजके नमुने तपासून 15 जातींच्या माशांचा डीएनए मिळवला, मासे मोजण्याच्या नऊ रूढ पद्धतींशी त्याची तुलना केली आणि त्यांपैकी कोणत्याही पद्धतीपेक्षा हे फलित उणे नसल्याचे दाखवून दिले. त्या भागात क्वचितच भरकटत येणाऱ्या पिलचार्ड या तारलीच्या नात्यातील माशाची खूणही त्यांना त्या पाण्यात सापडली.

बाटलीपासून नावापर्यंत

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे क्रमाने पाहणे आवश्यक आहे, कारण तिच्यावरचा विश्वास आणि अविश्वास दोन्ही याच तपशिलांवर ठरतात. ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या खोलीवरून एक-दोन लिटर पाणी निर्जंतुक बाटलीत घेतले जाते आणि शक्य तितक्या लवकर, बहुधा नौकेवरच, ते एका अतिसूक्ष्म छिद्रांच्या पापुद्र्यातून गाळले जाते. या छिद्रांचा व्यास बहुतेक वेळा 0.45 किंवा 0.22 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, असतो आणि पेशी व पेशींचे तुकडे त्या पापुद्र्यावर अडकतात. खाडीच्या मुखाशी किंवा पावसाळ्यानंतरच्या गढूळ पाण्यात तो पापुद्रा गाळाने लवकर चोंदतो, त्यामुळे तेथे जाड छिद्रांची गाळणी आधी वापरावी लागते किंवा पाण्याचे प्रमाण कमी करून नमुन्यांची संख्या वाढवावी लागते. गाळलेला पापुद्रा परिरक्षक द्रावात किंवा अतिशीत तापमानात ठेवला जातो.

प्रयोगशाळेत त्या पापुद्र्यावरून डीएनए वेगळा केला जातो आणि पॉलिमरेज साखळी प्रक्रियेने, ज्याला पीसीआर म्हणतात, त्यातील निवडक तुकड्याच्या असंख्य प्रती तयार केल्या जातात. कोणत्या तुकड्याच्या प्रती निघाव्यात हे प्रायमर नावाच्या, दोन्ही टोकांना चिकटणाऱ्या लहान डीएनए-तुकड्यांवर ठरते. एखादीच जात शोधायची असेल तर केवळ तिलाच चिकटणारे प्रायमर वापरतात. एका बाटलीतून संपूर्ण मत्स्यसमूहाची यादी हवी असेल तर बहुतेक सर्व माशांना चिकटणारे प्रायमर वापरून मिळालेल्या लक्षावधी तुकड्यांचे क्रम यंत्राने वाचले जातात, आणि या दुसऱ्या पद्धतीला मेटाबारकोडिंग म्हणतात. माशांसाठी आज सर्वत्र वापरला जाणारा मिफिश हा प्रायमर-संच जपानमधील मासाकी मिया आणि सहकाऱ्यांनी 2015 साली प्रसिद्ध केला. ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयातील चार टाक्यांत कोणते मासे आहेत हे आधीच माहीत असल्याने तेथील पाण्यावर त्याची कसोटी घेता आली आणि टाक्यांतील 180 जातींपैकी 168 जाती केवळ पाण्यावरून ओळखल्या गेल्या.

या संपूर्ण प्रक्रियेला समांतर असे कोरे नमुने चालवले जातात, म्हणजे समुद्राच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी त्याच गाळणीतून, त्याच हातांनी, त्याच यंत्रांतून नेले जाते आणि त्यात माशाचा डीएनए सापडला तर कोठेतरी भेसळ झाली असे समजले जाते. ज्या हातांनी सकाळी बांगडा निवडला त्याच हातांनी दुपारी बाटली धरली तर बांगड्याचा डीएनए नमुन्यात उतरू शकतो. कोऱ्या नमुन्यांचे निकाल सोबत न देणारा कोणताही अहवाल, त्यातील जातींची यादी कितीही लांब असली तरी, पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही.

पाण्याने दिलेली उत्तरे

खुल्या समुद्रातील सामर्थ्याचे सर्वांत बोलके उदाहरण जपानच्या मायझुरू उपसागराचे आहे. तेथे 47 ठिकाणांहून एकाच दिवशी, सुमारे सहा तासांत, पाणी गोळा करण्यात आले आणि त्यातून 128 जातींचे मासे ओळखले गेले; त्याच उपसागरात पाणबुड्यांनी 14 वर्षांत 140 वेळा उतरून पाहिलेल्या जातींपैकी 62.5 टक्के जाती त्यात होत्या, आणि त्यांखेरीज पाणबुड्यांना न दिसलेल्याही अनेक जाती होत्या. या आकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनी वाचला पाहिजे : एका दिवसाच्या पाण्याने चौदा वर्षांच्या नजरेच्या पलीकडचे काही दाखवले हे जितके खरे, तितकेच त्या नजरेने टिपलेल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जाती त्या दिवशीच्या पाण्यात आढळल्या नाहीत हेही खरे.

शार्कसारख्या विरळ आणि बुजऱ्या प्राण्यांच्या बाबतीत हे साधन विशेष उपयोगी ठरते. दक्षिण पॅसिफिकमधील न्यू कॅलेडोनिया द्वीपसमूहात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाण्याच्या अवघ्या 22 नमुन्यांतून शार्कच्या किमान 13 जाती ओळखल्या गेल्या, तर पाणबुड्यांच्या आणि आमिष लावलेल्या कॅमेऱ्यांच्या हजारो निरीक्षणांतून नऊच जाती दिसल्या होत्या. उत्तर ऑस्ट्रेलियातील नद्यांच्या गढूळ पाण्यात करवत माशाचा, म्हणजे करवतीसारखे लांब दातेरी नाक असलेल्या आणि जगभर नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या माशाचा, शोधही याच मार्गाने घेतला गेला. करवत मासा एके काळी भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर होता, 2001 पासून त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे आणि त्याचे दर्शन आता इतके दुर्मीळ झाले आहे की तो शिल्लक आहे की नाही हे जाळ्यात सापडेपर्यंत कळत नाही. ज्या प्राण्याला वाचवायचे त्याच्या अस्तित्वाचा पुरावा त्याच्या मृत्यूनेच मिळावा, ही स्थिती संरक्षणाला शोभणारी नाही आणि ती बदलण्याची शक्यता पाण्याच्या नमुन्यात आहे.

साक्षीची उलटतपासणी

या पद्धतीच्या मर्यादा तिच्या यशाइतक्याच स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयाच्या विशाल टाकीतील पाणी तपासून 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाडांचे मासे बहुतांशी ओळखले गेले, परंतु त्याच टाकीत पोहणारे शार्क आणि समुद्री कासव वापरलेल्या प्रायमरांच्या कक्षेबाहेर राहिले, तर टाकीत जिवंत नसलेल्या आणि केवळ खाद्य म्हणून टाकल्या जाणाऱ्या मेनहेडन माशाचा डीएनए मात्र उमटला. यावरून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत : यादीत नाव नसणे म्हणजे समुद्रात जात नसणे नव्हे, आणि यादीत नाव असणे म्हणजे तेथे जिवंत प्राणी असणेही नव्हे.

दुसरी गोष्ट मुंबईसारख्या महानगराच्या किनाऱ्यावर फार महत्त्वाची ठरते. मायझुरू उपसागरातच एका माशाचा डीएनए घाऊक मासळीबाजाराजवळच्या पाण्यात फार मोठ्या प्रमाणात आढळला, आणि तो पाण्यात पोहणाऱ्या माशांचा नसून बाजारात चिरलेल्या माशांचा होता. ससून डॉकसारख्या बंदरातून धुतलेले पाणी आणि लक्षावधी स्वयंपाकघरांचे सांडपाणी जेथे समुद्राला मिळते, तेथे सुरमईचा किंवा रावसाचा डीएनए सापडला म्हणून ते मासे त्या खाडीत आहेत असे म्हणता येणार नाही; त्यासाठी नाल्यांच्या मुखांपासून दूरचे नमुने, भरती आणि ओहोटी या दोन्ही वेळांचे नमुने आणि सांडपाण्याचे स्वतंत्र नमुने यांची तुलना करावी लागेल.

काळ आणि अंतर यांचाही हिशेब ठेवावा लागतो. समुद्राच्या पाण्यातील सूक्ष्मजीव, उष्णता आणि रासायनिक क्रिया डीएनए झपाट्याने मोडतात; इंग्लंडच्या नैऋत्येकडील पाण्यावर झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तो सुमारे 48 तासांपर्यंत ओळखता आला आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यात तो खुल्या समुद्रापेक्षा अधिक वेगाने नष्ट झाला. हे एका अर्थाने उपकारकच आहे, कारण सापडलेली खूण अलीकडची आहे याची त्यातून खात्री मिळते; तथापि तेवढ्या काळात प्रवाह ती खूण कित्येक किलोमीटर वाहून नेऊ शकतात, म्हणून उधाण आणि भांग यांचे वेळापत्रक नमुन्याच्या नोंदीत असलेच पाहिजे. शेवटची मर्यादा अशी की पाण्यातील डीएनएवरून माशांचे वय, लांबी, प्रकृती किंवा अंडी भरलेल्या माद्यांचे प्रमाण कळत नाही आणि संख्येचा अंदाजही ढोबळच राहतो, म्हणून किती मासे पकडावेत हे ठरवण्यासाठी बंदरावरच्या मोजमापांची गरज यापुढेही राहणार आहे.

नाव देणारा संग्रह

पाण्यातून वाचलेला डीएनएचा क्रम हा गुन्ह्याच्या जागी मिळालेल्या बोटाच्या ठशासारखा असतो. नोंदवलेल्या ठशांच्या संग्रहाशी तो जुळला तरच व्यक्तीचे नाव कळते. सागरी जातींसाठी असे संग्रह सार्वजनिक आहेत, परंतु उष्ण कटिबंधातील समुद्रांच्या असंख्य जातींचे क्रम त्यांत नाहीत आणि जे आहेत त्यांतील काहींवर चुकीची नावे आहेत. महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. 2023 साली राज्यमासा म्हणून घोषित झालेले पापलेट, कोकणात ज्याला सरंगाही म्हणतात, ग्रंथांत आणि सरकारी नोंदींत पिढ्यानपिढ्या पाम्पस अर्जेन्टियस या शास्त्रीय नावाने ओळखले गेले. परंतु डीएनए आणि शरीररचना यांच्या एकत्रित अभ्यासातून भारताच्या समुद्रातील चंदेरी पापलेट ही पाम्पस कँडिडस ही वेगळी जात असल्याचे वर्गीकरणशास्त्रज्ञांनी अलीकडच्या वर्षांत दाखवून दिले. राज्यात ज्याची सर्वाधिक कदर होते त्या माशाच्या नावाबाबत असे घडू शकते, तर ज्यांना बाजारात कोणी विचारत नाही त्या शेकडो जातींच्या बाबतीत यंत्राने दिलेले नाव किती जपून स्वीकारावे लागेल, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या जातीचा दाखला-नमुना, म्हणजे वर्गीकरणशास्त्रज्ञाने तपासून नाव दिलेला, छायाचित्रासह संग्रहालयात जतन केलेला प्राणी आणि त्याच प्राण्याचा डीएनए-क्रम, अशी जोडी तयार करणे हे या क्षेत्रातील पायाभूत काम आहे. त्यासाठी माशाच्या परांतील काटे मोजणारे, कल्ल्यांची रचना पाहणारे अभ्यासक लागतात, आणि विद्यापीठांतून ही विद्याशाखा आक्रसत चालली आहे. क्रमवाचनाच्या यंत्रावर खर्च करताना या माणसांच्या नेमणुकांवर खर्च न करणे म्हणजे पुरावा गोळा करून तो वाचू न शकणे होय.

संरक्षणासाठी उपयोग

उपऱ्या जातींची पूर्वसूचना हा या साधनाचा सर्वांत तातडीचा उपयोग आहे. जहाजे तोल राखण्यासाठी एका बंदरात भरलेले पाणी दुसऱ्या बंदरात सोडतात आणि त्या पाण्यातून तसेच जहाजाच्या बुडाला चिकटून परदेशी जीव येतात. मध्य अमेरिकेच्या बाजूचा मायटिलॉप्सिस सॅली हा काळ्या पट्ट्यांचा कालवासारखा द्विपुट प्राणी अशाच रीतीने विशाखापट्टणम आणि मुंबई येथे येऊन कायमचा स्थिरावला. ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे तोच प्राणी 1999 साली सापडला तेव्हा सहाच महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता, त्यामुळे गोद्यांची दारे बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडून त्याचे उच्चाटन करता आले. शोध लवकर लागला आणि पाणी कोंडता आले म्हणूनच हे शक्य झाले. बंदरांच्या पाण्याची नियमित डीएनए-तपासणी हा तो लवकरचा शोध अधिक स्वस्त आणि अधिक निश्चित करते.

दुसरा उपयोग संरक्षित क्षेत्रांच्या मूल्यमापनाचा आहे. डिसेंबर 2022 मध्ये जगातील राष्ट्रांनी 2030 पर्यंत जमीन आणि समुद्र यांचे प्रत्येकी 30 टक्के क्षेत्र संरक्षित करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले, परंतु नकाशावर आखलेल्या सीमेच्या आत जीवसृष्टी खरोखर सावरत आहे का हे मोजल्याशिवाय त्या टक्केवारीला अर्थ नाही. युनेस्कोने 2022 आणि 2023 या वर्षांत 21 सागरी जागतिक वारसास्थळांवर स्थानिक नागरिक आणि विद्यार्थी यांच्या हातून पाण्याचे नमुने गोळा करवून सुमारे साडेचार हजार जातींची नोंद केली, आणि योग्य प्रशिक्षण दिले तर नमुना घेण्याचे काम किनाऱ्यावरची सर्वसामान्य माणसे उत्तम रीतीने करू शकतात हे त्यातून सिद्ध झाले. जपानने तर ॲनिमोनी या नावाचे देशव्यापी जाळे उभारून 2022 पासून आपली माहिती सर्वांसाठी खुली केली आहे. भारतातही हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ओडिशातील चिलिका सरोवराच्या पाण्यावर ही पद्धत वापरून पाहिली आहे.

पश्चिम किनाऱ्यापुढील काम

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र आणि गोवा यांच्या किनाऱ्यासाठी एक सातत्यपूर्ण नोंदवही सुरू करणे हे आजचे कर्तव्य आहे. ठाण्याची खाडी, जेथे रामसर दर्जाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलेले, रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे, मालवणचे सागरी अभयारण्य, आंग्रिया बँक आणि मांडवी-जुवारीची मुखे अशी मोजकी ठिकाणे निश्चित करून पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात दरवर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने, कोऱ्या नमुन्यांसह पाणी घेतले गेले पाहिजे. गोव्यातील दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, मुंबईत केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्था आहे, किनारी जिल्ह्यांतील महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवले जाते. आवश्यक ज्ञान आणि माणसे या प्रदेशातच आहेत.

या कामात मच्छीमारांचे स्थान मदतनिसाचे नव्हे, तर जाणकाराचे असले पाहिजे. कोणत्या खडपाजवळ कोणत्या महिन्यात मुशी येते, घोळ कोठून नाहीशी झाली, कोणत्या खाडीत वीस वर्षांपूर्वी मिळणारी मासळी आता मिळत नाही, हे रापण ओढणाऱ्या आणि डोल लावणाऱ्या माणसांना ठाऊक असते, आणि पाणी कोठून घ्यायचे याचा निर्णय त्या माहितीशिवाय आंधळा ठरतो. त्याचबरोबर त्यांच्या पाण्यातून मिळालेले निष्कर्ष त्यांना मराठीत आणि कोकणीत, निर्णय होण्याआधी, कळले पाहिजेत. ज्यांच्या उपजीविकेवर निर्बंध येऊ शकतात त्यांना पुरावा शेवटी दाखवणे अन्यायाचे आहे आणि अशा संरक्षणाला किनाऱ्यावर कधीही आधार मिळत नाही.

याखेरीज प्रत्येक गाळलेल्या पापुद्र्याचा एक भाग अतिशीत साठ्यात कायमचा जतन करावा, कारण आज ज्या क्रमांना नाव देता येत नाही त्यांना संदर्भसंग्रह वाढल्यावर नाव देता येईल आणि आजचा नमुना पुन्हा वाचता येईल. जे पाणी आज घेतले गेले नाही, त्यातील माहिती मात्र पुढच्या कोणत्याही यंत्राला परत मिळवता येणार नाही. 1987 मध्ये हे साधन नव्हते, त्यामुळे त्या पिढीला दोष देता येत नाही. आजच्या पिढीजवळ ते आहे, त्याचा खर्च संशोधन-नौकेच्या मोहिमेपेक्षा कितीतरी कमी आहे आणि त्यासाठी एकही मासा मारावा लागत नाही. म्हणून राज्य शासन, विद्यापीठे आणि मच्छीमार सहकारी संस्था यांनी संयुक्तपणे किमान दहा वर्षांची बांधिलकी स्वीकारून हे काम हाती घ्यावे, त्याची माहिती सर्वांना खुली ठेवावी आणि सागरी संरक्षणाविषयीचा प्रत्येक दावा या नोंदवहीसमोर तपासून पाहण्याची प्रथा पाडावी.